विषय: सरकारी शिष्यवृत्तीचं पत्र आणि ब्रिटनचा व्हिसा

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरला लंडनला एमएस्सीसाठी येणाऱ्या एका विद्यार्थिनीला केंद्र सरकारची, वंचित समाजातल्या मुलांसाठीची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप मिळाली आहे. व्हिसासाठी मंजुरीपत्र पुरतं, की बँकेत पैसेही दाखवावे लागतात? विद्यापीठ डिपॉझिट मागतंय, ते कुठून भरायचं?
– सचिव

---

सचिव महोदय,
आधी हिशेब. फी वेगळी मिळते. निर्वाह भत्ता ब्रिटनसाठी वर्षाला 9,900 पौंड, किरकोळ खर्चाला आणखी 1,100. व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे किती पैसे दाखवायचे, त्याचा होम ऑफिसचा (ब्रिटनच्या गृहखात्याचा) जानेवारी 2025 चा दर पाहा: लंडनला महिना 1,483 पौंड, म्हणजे 9 महिन्यांचे 13,347. लंडनबाहेर 1,136 प्रमाणे 10,224. पुढे दर वाढलेच आहेत, अर्ज कराल त्या दिवशीचा धरा. नुसत्या भत्त्यात लंडन सोडाच, लीड्सही बसत नाही. हा 9,900 चा आकडा वर्षानुवर्षं हललेला नाही, त्याचं हे फळ.

म्हणून सगळी मदार पत्राच्या मजकुरावर. लेटरहेडवर किंवा शिक्क्यानिशी पाच गोष्टी हव्यात: विद्यार्थिनीचं नाव, प्रायोजकाचं नाव व संपर्क, पत्राची तारीख, प्रायोजकत्वाचा कालावधी, आणि एकतर रक्कम किंवा ‘पूर्ण फी व राहण्याचा खर्च प्रायोजक करील’ असं स्पष्ट वाक्य. मंजुरीपत्रात बहुतेक वेळा कालावधीच राहून जातो. नुसती रक्कम लिहिली असेल, तर वरची तूट स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग 28 दिवस हवी, आणि ते 28 दिवस अर्जाआधीच्या 31 दिवसांत संपलेले हवेत. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी मोजणी पुन्हा एकपासून. वडिलांचं खातं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र जोडा. बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर 28 दिवसांची अट नाही, पण कर्जाचं पत्र 6 महिन्यांच्या आतलं हवं.

डिपॉझिट घाईने भरू नका. विद्यापीठाच्या फी विभागाला मंजुरीपत्र पाठवा आणि सरकारी प्रायोजक म्हणून सूट मागा. पुष्कळ ठिकाणी मिळते, मात्र मागावी लागते.
– लीड्सहून

---

लीड्सच्या काकांच्या म्हणण्यात थोडी भर.

पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांनी एक पाहावं. 2022 पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय केंद्राच्या योजनेत बसत नाहीत. वंचित समाजातल्या मुलांनी स्वतःच्याच समाजावर संशोधन करू नये, हे मला पटत नाही. पण तो विषय घेऊन अर्ज केला, तर वर्ष वाया जातं.

राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत 75 जागा आहेत. तिथली गंमत अशी की शासन निर्णय मराठीत. व्हिसाला मराठी कागद जोडाल तर इंग्रजी भाषांतर लागतं, आणि त्यावर अनुवादकाचं ‘अचूक आहे’ असं निवेदन, तारीख, पूर्ण नाव, सही व संपर्क. यातलं एक जरी सुटलं तर कागद बाद धरला जाऊ शकतो.

शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहून काम करण्यासाठीचा ग्रॅज्युएट व्हिसा हवा असेल आणि गेल्या 12 महिन्यांत फी व राहणं दोन्ही सरकारने दिलं असेल, तर सरकारची लेखी संमती लागते. अर्जाच्या आठवड्यात मागून ती हाती पडायची नाही.
– मँचेस्टरहून