धागा : आधी पीजी (पदव्युत्तर शिक्षण) की आधी नोकरी? सोलापूरकरांनो, तुमचं काय झालं ते लिहा

जुळे सोलापूरची मावशी

माझी भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलंय, जॉइनिंगची तारीख मात्र अजून नाही. भाऊजींचं म्हणणं, आताच एमटेक करून घे, एकदा अभ्यासाची सवय मोडली की परत बसणं होत नाही. ताईचं म्हणणं, आधी पगार सुरू होऊ दे. आणि भाची ज्याच्याशी शेवटचं बोलली त्याचं मत घेऊन फिरते.

सोलापुरात या प्रश्नाला एक जास्तीची गाठ आहे. आपल्याकडे नोकरी म्हणजे बहुतेक वेळा पुणे, आणि पीजी म्हणजे घरचं जेवण आणि केगावच्या विद्यापीठाची बस. त्यामुळे ‘पुढं शिकू का?’ असं विचारणारं पोरगं पुष्कळदा ‘घर सोडू का?’ असंच विचारत असतं. मुलींचं आणखी वेगळं. ‘पीजी चालू आहे’ म्हटलं की स्थळं वर्ष-दोन वर्षं थांबतात, हे आपण सगळे जाणतो. तेही मोकळेपणानं लिहा. ‘मनाचं ऐका’ छापाचे सल्ले मात्र नकोत. तुम्ही काय केलंत, खर्च कुठून आला, पुढं कुणी काय विचारलं, एवढं सांगा.

कॉलम प्रेशर

बीएस्सी केमिस्ट्री, लगेच एमएस्सी. मला प्राध्यापक व्हायचं होतं, म्हणून निवड करायचा प्रश्नच नव्हता. सहायक प्राध्यापक पदासाठी पदव्युत्तरला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएचडी. अनुभव कितीही असो, ही पायरी चुकत नाही. सेट झालो आणि तासिका तत्त्वावर लागलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जितके तास घेतले तितके पैसे, उन्हाळ्यात शून्य, आणि बिल निघेल तेव्हा निघेल. कायम जागेची जाहिरात येईना. शेवटी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) गेलो.

कॉलेजात एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन होतं. सर बटणं दाबायचे, आम्ही वहीत आकृती काढायचो. कंपनीत सुरुवातीलाच मशीनचं प्रेशर चढत चढत गेलं आणि पंप बंद पडला. झालं असं होतं की बफरवाली मोबाईल फेज (क्षार असलेलं द्रावण) चालवल्यावर कुणीतरी कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) पाण्यानं न धुता थेट अॅसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट सोडलं होतं. क्षार आतच बसले. शेजारच्या सीनियरनं आकडा बघूनच ओळखलं. तो नुसता बीएस्सी, पण हाताला सगळं ठाऊक.

आता दुसरी बाजू. तोच सीनियर दुसरी नोकरी शोधायला लागला, तर निम्म्या जाहिरातींत ‘एमएस्सी अॅनालिटिकल किंवा ऑरगॅनिक’. मुलाखतीपर्यंत पोचायचीच मारामार. माझा अर्ज आत जातो, त्याचा जात नाही, आणि काम त्याला जास्त येतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. असं आहे.

जुळे सोलापूरची मावशी

@कॉलम प्रेशर, म्हणजे कोणत्या दारावर पदवीची पाटी आहे ते आधी बघायचं. हे कामाचं सांगितलंत.

गेटकरी

मेकॅनिकल. बीई झाल्याबरोबर गेट (एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा) दिली, एमटेकला आयआयटीत लागलो. गेटवाल्यांना महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, त्या बदल्यात आठवड्याला काही तास बीटेकच्या पोरांची लॅब सांभाळायची. घरून पैसे मागवावे लागले नाहीत. चारचौघांत वडील म्हणायचे, ‘पोरगा शिकतो बी आणि कमावतो बी.’

माझं म्हणणं एवढंच. गेट ही ताज्या डोक्यानं द्यायची परीक्षा आहे. इंजिनिअरिंग मॅथ्स, फ्लुइड, थर्मो हे नोकरीत सहा महिने वापरलं नाही की उडतं. माझा रूममेट नोकरी करून आला होता. लॅबमध्ये तो माझ्यापेक्षा हुशार, पण गेटच्या तयारीसाठी त्याला नोकरी सोडून घरी बसावं लागलं होतं.

मावशी, भाचीला सांगा : तिसऱ्या वर्षापासूनच गेट देता येते आणि स्कोअर ३ वर्षं चालतो. म्हणजे परीक्षा आत्ता द्यायची, जॉइनिंग आलं तर जायचं, आणि एमटेकचं नंतर ठरवायचं. काही सरकारी कंपन्या गेटच्या स्कोअरवर थेट भरती करतात, तिथं तर एमटेक लागतच नाही. घरातली भांडणं निम्मी कमी होतील.

हुतात्माची खिडकी

मी उलट गेले. हिंजवडीत टेस्टिंगचं काम, दर शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस, रविवारी परत. काम करता करता लक्षात आलं की आमच्या टीममध्ये डेटाचं काम करणाऱ्यांच्या टेबलावर जास्त वेळ मी उभी असते. कॉलेजात असताना मला विचारलं असतं तर मी ‘कॉम्प्युटर सायन्स’ एवढंच म्हणाले असते. अमेरिकेत एमएस करायचं ठरवलं तेव्हा कुठले विषय घ्यायचे आणि कुठले नाही, हे मला नेमकं सांगता येत होतं.

पैशाचं सविस्तर लिहिते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता बहुतेक ठिकाणी कोर्स संपून वर्षभरानं सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. माझ्या पगाराची शिल्लक होती, म्हणून शिकत असताना व्याज तरी भरत राहिले. वर्गातली ताज्या पदवीची पोरं ते करू शकत नव्हती, त्यांच्या घरच्यांनी प्लॉट तारण ठेवले होते. भारतात आयकर भरत असाल आणि जुनी करप्रणाली निवडली असेल, तर व्याजावर ८ वर्षांपर्यंत वजावट मिळते. शिकून झाल्यावर अमेरिकेत कामासाठी १२ महिने मिळतात, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी २४. या मुदतीत नोकरी शोधताना आधीचा अनुभव असलेल्यांना मुलाखती लवकर आल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तोटा? ३० दिवसांनी खात्यात पगार पडायची सवय. ती सोडून परत कॅन्टीनचे पैसे मोजायला जिवावर येतं. माझ्याबरोबर ‘पुढच्या वर्षी जीआरई’ (तिकडच्या प्रवेशाची परीक्षा) म्हणणारी दोघं अजून हिंजवडीतच आहेत आणि मजेत आहेत.

जर्मनवाला (वरच्याला जोडून)

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे सगळे सांगतात. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात) वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे आधीच दाखवावे लागतात. २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. एपीएस सर्टिफिकेट (आपली कागदपत्रं तपासल्याचं) वेगळं काढायचं. त्याला वेळ लागतो, आधी सुरू करा.

वीस तारीख

इंजिनिअरच सगळे! मी बीकॉम. नवी पेठेत एका करसल्लागारांच्या ऑफिसात लागले आणि नोकरी करतच नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून एमकॉम केलं. महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ची (जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र), २० तारीख ३बीची (कर भरायचं विवरणपत्र). या दोन तारखांच्या मधे अभ्यास. कापडवाले दुकानदार बिलं पिशवीत कोंबून १९ तारखेला संध्याकाळी आणायचे आणि वर म्हणायचे, ‘ताई, आजच टाका की!’

एमकॉममुळे पगार वाढला का? नाही. मग फरक कुठं पडला? घरात. माझ्या लग्नाची घाई होती. नुसती नोकरी म्हटलं असतं तर ‘पाच हजारासाठी कशाला धडपडते’ झालं असतं. ‘एमकॉम चालू आहे’ याला मान होता. मावशींनी वर लिहिलंय ते शंभर टक्के खरं. पदवीनं मला वेळ दिला, आणि त्या वेळात मी काम शिकले. आता माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे. भिंतीवर एमकॉमचं सर्टिफिकेट आहे. ते अजून कुणी वाचलेलं मला दिसलं नाही.

जुना विद्यार्थी

आमच्या वेळी सोलापूर विद्यापीठ नव्हतं. ते २००४ ला झालं. पदवीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव यायचं. एमए केलं कारण दुसरं काही सुचेना. आमच्या बाकावरचे बरेच जण स्पर्धा परीक्षा देत होते, आणि राज्यसेवेला तर नुसती पदवी पुरते! एमए म्हणजे हॉस्टेल आणि वाचनालयाचं कार्ड. त्याला नावं ठेवणार नाही, गरिबाच्या पोराला बसायला जागा लागते. पण त्याला शिक्षण म्हणू नका.

भरतीच्या टेबलाकडून

मी पुण्यात एचआरला आहे, मूळची विजापूर रोडची. सॉफ्टवेअरच्या सर्वसाधारण भरतीत अनुभव नसलेला एमटेक आणि अनुभव नसलेला बीई यांना आम्ही जवळपास एकाच रांगेत बसवतो, पगारात थोडाफार फरक. चिप डिझाइन, रिसर्च असल्या जागांना मात्र मास्टर्सशिवाय अर्जच बघत नाहीत. एमबीएचं वेगळं. हैदराबादच्या आयएसबीच्या एक वर्षाच्या मुख्य कोर्सला किमान २ वर्षांचा अनुभव लागतो, तर आपल्या राज्याच्या सीईटीतून फ्रेशर सर्रास जातात. अशा फ्रेशर एमबीएला मी विचारते, ‘तुम्ही कुणाला कधी काम सांगितलंय का, आणि त्यानं ते केलं नाही तर काय केलं?’ बहुतेक जण कॉलेजच्या गॅदरिंगचं सांगतात.

धोटा

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. अशोक चौकामागं वडिलांचे पॉवरलूम होते. इचलकरंजीला टेक्स्टाईल केलं आणि परत येऊन अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या डाईहाउसला (रंगाईखान्यात) लागलो. दोस्त म्हणायचे, ‘काय बे, इंजिनिअर होऊन बादल्या मोजायलास?’

खरंच बादल्याच मोजत होतो. एकाच ऑर्डरचे टॉवेल, एकच रेसिपी, दोन लॉटमध्ये दोन शेड. सकाळी नळाचं पाणी, संपलं की बोअरचं, तेही कमी पडलं की टँकर. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, रिअॅक्टिव्ह रंग नीट बसत नाही, शेड मळकट येते. डाय मास्तर पाणी जिभेला लावून सांगायचा, ‘आज एक मूठ जास्त घाल.’ मूठ म्हणजे किती ग्रॅम, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी वजन करायला लागलो. पाण्याचा हार्डनेस (जडपणा) मोजायचं किट आणलं, रोजच्या आकड्यासमोर शेडचा तुकडा वहीत चिकटवायचो.

एमटेकला गेलो ते ती वही घेऊन. गाईडनी विषय विचारला, मी वही पुढं ठेवली. वर्गातली बाकीची पोरं जुन्या प्रबंधांच्या यादीतून विषय शोधत होती. त्यांना अक्कल नव्हती असं नाही, त्यांनी बिघडलेला लॉट बघितलाच नव्हता. त्या दोन वर्षांत घर बहिणीच्या पगारावर चाललं. ती युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला होती. म्हणून ‘आधी नोकरी, मग पीजी’ हे फुकट पडतं असं समजू नका. उशिरा शिकायला गेलं की तोपर्यंत घर तुमच्या पगारावर टेकलेलं असतं, आणि तो भार कुणीतरी उचलतं.

गेटकरी

मावशी, एक राहिलं. ऑफर लेटरमध्ये सर्व्हिस बाँड (ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा करार) आहे का आणि किती वर्षांचा, ते बघा. काही कंपन्या मधेच सोडलं तर पैसे मागतात, मग पुढच्या वर्षीचं अॅडमिशन अडतं. मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेणार असतील तर नकोच म्हणा.

जुळे सोलापूरची मावशी

बाँड आहे, दोन वर्षांचा. भाऊजींनी ते पान वाचलंच नव्हतं. गेटचा फॉर्म भरतोय, बाकीचं रविवारी ताईकडं बसून बोलू. अजून कुणी डिप्लोमावरून थेट नोकरीला गेलेले असाल तर लिहा, त्या बाजूचं इथं काहीच आलं नाही.