मदत हवी आहे : जुन्या सागवानी खिडक्या अडकतात आणि खालून कुजल्यात

नमस्कार मंडळी. पंचवटीत आमचं जुनं माडीचं घर आहे. खिडक्या सागवानी, दोन झडपांच्या, मध्ये लोखंडी गज. पावसाळा लागला की झडपा फुगून चौकटीत अडकतात. उन्हाळ्यात त्याच खिडक्यांना फट पडते. सुतार म्हणतो, रंधा मारून देतो. पण फुगलेलं लाकूड आत्ता तासलं तर सुकल्यावर फट आणखी वाढणार ना? म्हणून दिवाळीनंतरच हात लावायचा विचार आहे.

खरी काळजी झडपांच्या खालच्या आडव्या पट्टीची. तिथे पाणी मुरतं. वरून ऑइलपेंटचे थरावर थर, दिसायला टणक. पण स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं की सरळ आत जातं. बाकी लाकूड खणखणीत आहे, त्यामुळे "काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवा" हा सल्ला कृपया नको, तो घरात रोज मिळतो!

कुजलेला भाग कापून जुन्या सागाचा तुकडा नीट सांधून देणारा कारागीर नाशकात कुणाच्या माहितीत आहे का? रंग खरवडल्यावर बेलतेल (जवसाचं तेल) पाजावं की परत ऑइलपेंटच? आणि जाड पितळी बिजागऱ्या भद्रकालीकडे मिळतील का?