शहराचा वर्धापन महोत्सव आणि जुन्या वास्तूंची हानी: यांत कार्यकारण संबंध आहे का?

नगरवाचक

शहरांचे मोठे वर्धापन महोत्सव आणि त्याच शहरांतील जुन्या वास्तूंची हानी या दोन गोष्टी एकाच काळात घडताना मला वाचनात वारंवार दिसल्या आहेत. त्यांचा परस्परांशी खरोखर काही संबंध आहे का, याविषयी जाणकारांची मते हवी आहेत.

उदाहरण मॉस्कोचे घेतो. १९९७ मध्ये त्या शहराने आपली ८५० वर्षे साजरी केली. १९३१ साली सुरुंग लावून उडवलेले ख्रिस्त तारणहाराचे कॅथेड्रल तोवर पुन्हा उभे राहत आले होते, तर रेड स्क्वेअरवरील कझान कॅथेड्रल आणि तेथील पाडलेले प्रवेशद्वार आधीच नव्याने बांधून झाले होते. यावरून तो काळ गमावलेला वारसा परत मिळवण्याचा होता, असे म्हणावे लागेल. परंतु महापौर यूरी लुझकोव्ह यांच्या याच कारकिर्दीत अनेक अस्सल जुनी घरे पाडली गेली आणि कित्येकांची केवळ रस्त्याकडची भिंत राखून मागे कार्यालयांची नवी इमारत चढवली गेली. व्होयेन्तोर्ग हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे भव्य विक्रीभवन २००३ मध्ये पाडण्यात आले आणि त्या जागी त्याच्याशी मिळतीजुळती, पण आकाराने बरीच मोठी इमारत आली.

महोत्सव हे केवळ निमित्त असते आणि जमिनीचे भाव हेच खरे कारण असते, की महोत्सवाच्या स्वरूपातच जुन्या इमारतीला घातक ठरणारे काही असते?

ताम्रपट

जमिनीचे भाव हे एकमेव कारण असते, तर जेथे जमिनीचा बाजारच नव्हता तेथे असे काही घडले नसते. म्हणून बर्लिनचे १९८७ हे वर्ष पाहावे, असे मी सुचवेन. शहर तेव्हा भिंतीने दुभंगलेले होते आणि ७५० वा वाढदिवस दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे, एकमेकांवर मात करण्याच्या ईर्ष्येने साजरा झाला. (१२३७ च्या ज्या दस्तऐवजावरून ही वर्षे मोजली जातात त्यात मुळात बर्लिनचे नाव नाही, शेजारच्या क्योल्न या जोडवस्तीचे आहे. उत्सवाला एक तारीख लागते. ती मिळाली की फारशी चिकित्सा कोणी करत नाही.)

पूर्व बर्लिनने युद्धात उद्ध्वस्त झालेल्या निकोलाई चर्चभोवतीची वस्ती वास्तुविशारद ग्युंटर श्टान यांच्या आराखड्यानुसार १९८७ पर्यंत उभी केली. तेथे काही घरे सावरलेली, काही मूळ घरांच्या प्रतिकृती, आणि बाकीची कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या फलकांची, वर जुन्या धर्तीचे त्रिकोणी माथे चढवलेली, असे मिश्रण आहे. १९३० च्या दशकात पूल रुंद करण्यासाठी उतरवलेल्या एफ्राइम प्रासादाचे दर्शनी दगड पश्चिम बर्लिनमध्ये साठवलेले होते. ते परत आणून मूळ जागेपासून काही मीटर अंतरावर पुन्हा रचण्यात आले. जवळच्या फिशरइन्सेल भागातील एका नष्ट झालेल्या जुन्या मद्यगृहाची प्रतिकृतीही याच वस्तीत बांधली गेली. त्या भागात युद्धातून बचावलेली घरे मात्र याच राजवटीने १९६० च्या दशकात उंच इमारतींसाठी पाडली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

पूर्व बर्लिनच्याच प्रेन्झ्लाउअर बेर्ग भागात हुजेमान रस्त्याचे दर्शनी भाग महोत्सवासाठी एकोणिसाव्या शतकाच्या थाटात सजवले गेले, आणि लगतच्या रस्त्यांवरील त्याच काळातील घरे तशीच खचत राहिली. याच भागातील गॅस साठवण्याच्या गोल, विटांच्या जुन्या इमारती नागरिकांचा विरोध असतानाही १९८४ च्या जुलैमध्ये स्फोटकांनी उडवण्यात आल्या. येथे कोणत्याही विकासकाचा नफा नव्हता. ठरलेल्या दिवशी पाहुण्यांना काय दाखवायचे, एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाचे सर्वांत जलद उत्तर पाडकाम किंवा रंगसफेदी हेच असते.

पश्चिम बर्लिनमध्येही दिखाऊपणा कमी नव्हता. परंतु तेथील आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शनाचा (यात शहरातील घरेच प्रत्यक्ष बांधून वा दुरुस्त करून दाखवली जात) एक विभाग हार्ट-वाल्थर हेमर यांच्याकडे होता, आणि त्यांनी क्रॉइत्सबेर्गमधील जुनी भाडेघरे वेगळ्या रीतीने हाताळली. त्याआधी त्या भागात सरसकट पाडून नवे बांधण्याचे धोरण होते, आणि रिकाम्या ठेवलेल्या घरांत तरुणांनी बळजबरीने वस्ती केल्यामुळे ते धोरण अडले होते. हेमर यांच्या चमूने बारा तत्त्वे मांडली. आराखडा राहणाऱ्यांबरोबर बसून करायचा, पाडकाम हा अपवाद समजायचा, आणि दुरुस्ती टप्प्याटप्प्याने, त्या कुटुंबांना झेपेल अशी करायची, असा त्यांचा रोख होता. हे प्रदर्शन मुळात १९८४ साठी ठरले होते. ते लांबले आणि वर्धापनवर्षाला जोडले गेले. काम आधी सुरू झाले आणि उत्सव नंतर येऊन मिळाला, हा क्रम मला निर्णायक वाटतो.

चुनेगच्ची

जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत काही वर्षे काम केल्यामुळे वरील मुद्द्याला तांत्रिक आधार देऊ शकतो. चुन्याचा गिलावा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, आणि ही क्रिया आठवडे, काही वेळा महिने चालते. त्या काळात तो ओलसर ठेवावा लागतो आणि एका थरावर दुसरा थर घाईने देता येत नाही. भिंतीत ओल असेल तर आधी ती कोठून येते ते शोधायचे, ते पाणी बंद करायचे आणि मग भिंत वाळेपर्यंत थांबायचे. लाकडी तुळईचे टोक भिंतीत जेथे टेकते तेथेच ती कुजते, आणि ते टोक उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे दुरुस्तीचा खरा अंदाज काम निम्मे झाल्यावर हाती येतो, आणि अमुक तारखेला उद्घाटन करणाऱ्या समितीला नेमके हेच सोसत नाही.

मग सिमेंटचा गिलावा आणि वरून हवाबंद रंग असा मार्ग निघतो. तो दोन-तीन आठवड्यांत होतो आणि छायाचित्रात फार देखणा दिसतो. परंतु चुन्यात बांधलेली मऊ विटांची भिंत आपली ओल पृष्ठभागातून बाहेर टाकत असते. ती वाट बुजली की पाणी आत अडकते, क्षार विटेतच स्फटिकरूप होतात आणि विटेचा दर्शनी पापुद्रा गिलाव्यासकट सुटून येतो. उत्सवानंतर काही वर्षांनी अशी इमारत 'धोकादायक' ठरते, आणि त्या ठरावात मागच्या रंगकामाचा उल्लेख कोणी करत नाही. मला पाडकामापेक्षा या प्रकाराची अधिक भीती वाटते, कारण पाडकामाला निदान विरोध तरी होतो.

उंबरठा

वरील दोन्ही प्रतिसाद मान्य करूनही एक आक्षेप नोंदवतो. जुने घर राखा, असे सांगणारा माणूस बहुधा त्या घरात राहत नसतो.

रशियातील कझान शहराने २००५ मध्ये सहस्राब्दी साजरी केली. किल्ल्यातील उत्खननात सापडलेले दहाव्या शतकातील एक चेक नाणे हा त्या कालगणनेचा एक आधार होता. किल्ल्यात कुल शरीफ मशीद उभी राहिली, शहराला मेट्रो मिळाली. त्याच्या आधीच, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून, तातारस्तानात मोडकळीस आलेल्या घरांतील कुटुंबांना नव्या सदनिका देण्याची मोठी योजना सुरू होती. शहराच्या मध्यभागातील अनेक लाकडी घरे त्या योजनेत रिकामी झाली, आणि रिकामे झालेले लाकडी घर फार काळ तग धरत नाही. ते जळते, ढासळते किंवा पाडले जाते. वास्तूंची हानी झाली, हे खरे. परंतु ज्या घरांत नळ आणि शौचालयही नव्हते, तेथून बाहेर पडलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने ही हानी होती काय?

दुसरे असे की उत्सवामुळे वास्तू वाचल्याचीही उदाहरणे आहेत. सेंट पीटर्सबर्गजवळचा स्त्रेल्ना येथील कॉन्स्टंटिन प्रासाद अगदी भग्नावस्थेत होता. २००३ च्या त्रिशताब्दीसाठीच तो सावरला गेला. तो राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान झाला, ही गोष्ट वेगळी.

ताम्रपट

उंबरठा यांच्या प्रश्नाचे उत्तर कझानमध्ये मिळणार नाही, ते क्रॉइत्सबेर्गमध्ये आहे. तेथेही अनेक घरांत शौचालय जिन्यावर आणि सामाईक होते. घरातच स्नानगृह बसवून देणे आणि घर रिकामे करून माणसे शहराच्या कडेला हलवणे, हे दोन्ही पर्याय उपलब्ध असतात. पहिला अधिक वेळखाऊ आहे आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून तो क्वचित निवडला जातो. स्त्रेल्नाचे उदाहरण मला उलट माझ्याच बाजूचे वाटते, कारण पाहुण्यांना उतरवता येईल अशी वास्तू उत्सवात नेहमीच वाचते.

नगरवाचक

आपल्या सर्वांच्या विवेचनामुळे माझा मूळ प्रश्न बराच स्पष्ट झाला. एक उपप्रश्न राहतो. प्रतिकृतींना आपण इतके कमी लेखत असू, तर वॉर्साच्या जुन्या शहराविषयी काय म्हणावे? तेही नव्यानेच बांधलेले आहे, आणि तरीही १९८० मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

ताम्रपट

वॉर्सा शत्रूने जाणूनबुजून नष्ट केले होते, आणि युद्धापूर्वी घेतलेली मोजमापे व अठराव्या शतकातील बेलोत्तोची चित्रे यांच्या आधारे ते उभारले गेले. अर्थात तेथेही तारखेचा मोह सुटला नव्हता. बाजारचौक १९५३ मध्ये राष्ट्रीय दिनी, २२ जुलैला, खुला करण्यात आला. तरीही, उभी असलेली इमारत स्वतःच पाडून तिची प्रतिकृती बांधणे हा अगदी निराळा व्यवहार आहे. वास्तुसंवर्धनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेच्या नवव्या कलमानुसार जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. व्होयेन्तोर्गच्या बाबतीत तर तर्क करण्याचीही गरज नव्हती, कारण मूळ इमारत डोळ्यांसमोर उभी होती. जाता जाता सांगायचे तर, निकोलाई चर्चभोवतीची ती काँक्रीट फलकांची वस्ती २०१८ पासून स्वतःच संरक्षित स्मारक आहे. पूर्व जर्मनीला आपला इतिहास कसा दिसावासा वाटत होता, याचा तो पुरावा आहे, म्हणून हा निर्णय मला योग्य वाटतो.

चुनेगच्ची

मॉस्कोचा विषय निघालाच आहे, तर क्रेमलिनशेजारच्या झार्याद्ये भागाचीही नोंद असावी. ७ सप्टेंबर १९४७ रोजी, शहराच्या ८०० व्या वर्धापनदिनी, आठ गगनचुंबी इमारतींच्या पायाभरणीचे दगड बसवण्यात आले. त्यांपैकी सात बांधल्या गेल्या. आठवी झार्याद्येमध्ये व्हायची होती; तिच्यासाठी जुनी वस्ती साफ झाली, इमारत मात्र पूर्ण झालीच नाही. पुढे १९६० च्या दशकात तेथे रोसिया हे अवाढव्य हॉटेल आले, २००६ मध्ये तेही पाडायला घेतले, आणि २०१७ च्या सप्टेंबरमध्ये, ८७० व्या वर्धापनदिनाच्या मुहूर्तावर, त्या जागी उद्यानाचे उद्घाटन झाले. कडेच्या वर्वार्का रस्त्यावरील मोजक्या जुन्या वास्तू टिकल्या, त्यामागे प्योत्र बारानोव्स्की यांच्यासारख्या संवर्धकांचा चिवट पाठपुरावा होता. रेड स्क्वेअरवरील कझान कॅथेड्रल पाडले जाण्यापूर्वी त्याची मोजमापे घेऊन ठेवणारेही तेच. नगरवाचक यांनी पहिल्याच परिच्छेदात ज्या पुनर्बांधणीचा उल्लेख केला आहे, ती त्यांच्या या कामामुळे शक्य झाली.