नव्या सीएनजी गाडीवर १५,००० ची पेट्रोल व्हाउचर्स की बिलात १२,००० सूट?

धायरीकर
मंडळी, सीएनजी हॅचबॅक बुक केली आहे, पुढच्या आठवड्यात बिलिंग. शोरूमवाले म्हणतात, ₹१५,००० ची पेट्रोल व्हाउचर्स घ्या, नाहीतर बिलात ₹१२,००० कमी करतो. रोज धायरी ते हिंजवडी, येऊन-जाऊन ५० किमी. घरात एक पेट्रोल स्कूटरही आहे. व्हाउचर सीएनजीला चालतं का? पंपावर वापरताना काय अडचणी येतात? आणि हिशोबाने काय घ्यावं?

नोझल
सीएनजीला चालणार नाही असंच धरून चाला. पंपावर पाटी तेल कंपनीची असली तरी गॅस पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅसचा आणि मुंबईत महानगर गॅसचा असतो. त्या विक्रीचा हिशोब वेगळा, मशीन बहुधा वेगळं. व्हाउचरवर 'सीएनजीसह' असं छापलेलं असेल तरच विश्वास ठेवा, सेल्समनच्या तोंडी शब्दावर नको.

आता हिशोब. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन तापलं की गॅसवर जातात (काही मॉडेल्स थेट गॅसवरही सुरू होतात). गाडीचं पेट्रोल महिन्याला ५ लिटर धरा. लिटरला १०४ रुपये दर धरला तर ₹५२० महिना, वर्षाला ₹६,२४०. स्कूटर महिन्याला ४०० किमी, ४५ चं अॅव्हरेज, म्हणजे जवळपास ९ लिटर, ₹९२५ महिना, वर्षाला ₹११,१००. दोन्ही मिळून ₹१७,३४०.

म्हणजे व्हाउचरची मुदत १२ महिने असेल आणि ते स्कूटरलाही चालत असेल, तर १५,००० संपतात. मुदत ६ महिने असेल तर जेमतेम ८,६७० वापरले जातील, उरलेले गेले. फक्त गाडीलाच चालणार असतील तर वर्षभरातही निम्मे संपणार नाहीत. गाडीचा नंबर आणि इंधनाचा प्रकार टाकून दिलेलं फ्लीट कार्ड असेल तर स्कूटर बाद. हे आधी विचारा.

व्हाउचर संपवायचं म्हणून गाडीची टाकी मात्र काठोकाठ भरून ठेवू नका. सीएनजी गाडीत पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं, आणि हल्लीच्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं. पाव टाकी कायम ठेवा, कारण टाकीतला फ्युएल पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. शिवाय आठवड्यातून एकदा १०-१५ किमी पेट्रोलवर चालवा.

बिलबुक
नोझल यांच्याशी सहमत. एक मुद्दा राहिला: शोरूमला विचारा, "१२,००० कराआधी की करासकट?" छोट्या गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे. सूट टॅक्स इन्व्हॉइसवर मूळ किमतीतून वजा केली तर त्यावरचा करही वाचतो, म्हणजे हातात ₹१४,१६० चा फायदा. मग १५,००० च्या व्हाउचरशी फरक उरतो ८४० रुपयांचा. एवढ्यासाठी मुदत, पिन आणि पंपांच्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही. करासकट १२,००० असतील तर मात्र विचार करण्यासारखं आहे.

व्हाउचर घ्यायचंच ठरलं तर बुकिंग फॉर्मवर सही-शिक्क्यासह लिहून घ्या: रक्कम, कोणत्या कंपनीचं, किती रुपयांचे तुकडे, मुदत कधीपासून मोजणार आणि डिलिव्हरीनंतर किती दिवसांत देणार. मुदत बहुधा व्हाउचर इश्यू झाल्यापासून धरतात. ते शोरूमच्या ड्रॉवरमध्ये दोन महिने पडून राहिलं तर तेवढे दिवस तुमचे गेले. स्कीम बिलाच्या तारखेवर आहे की रजिस्ट्रेशनच्या, हेही लिहून घ्या. महिनाअखेरीला बिल आणि ३ तारखेला पासिंग झालं की इथेच वाद होतो.

आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेचं किंवा वॉलेट कंपनीचं गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त ₹१०,००० चं असतं आणि त्याची मुदत किमान एक वर्ष. त्यामुळे १५,००० एका कार्डात येणार नाहीत, दोन कार्डं होतील. तेल कंपनीने फक्त स्वतःच्या पंपांसाठी काढलेलं व्हाउचर या नियमांत बसत नाही. तिथे छापील अटी हाच नियम.

पंपावरून
पंपावरचं सांगतो.

नोझल टाकीत घालण्याआधी "व्हाउचर आहे" असं सांगा. हे सगळ्यात महत्त्वाचं. पेट्रोल भरून झाल्यावर कोड दाखवला आणि मशीन 'नेटवर्क नाही' म्हणालं, तर रोख भरण्यावाचून गत्यंतर नसतं. आधी कोड किंवा कार्ड चालतंय का ते बघा, मग तेवढ्याच रुपयांचं प्रीसेट लावायला सांगा, शून्य बघा, मग भरा. पोऱ्याला मशीनमधला पर्याय सापडत नसेल तर मॅनेजरला बोलवा. कंपनी स्वतः चालवते त्या कोको पंपावर ही अडचण सहसा कमी येते.

तुकडे ₹५०० चे असतील तर स्कूटरला जपून. टाकी ५.३ लिटरची, आत लिटरभर शिल्लक, म्हणजे मावणार ४.३ लिटर, सुमारे ₹४४७. वरचे ५३ रुपये परत मिळत नाहीत. काटा लाल पट्टीत गेल्यावरच ५०० चं व्हाउचर काढा. ऑटो-कटनंतर (टाकी भरून नोझल आपोआप बंद झाल्यावर) उरलेले रुपये 'बसवायला' थेंबथेंब भरायला लावू नका. गाडीत पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरतं आणि तो निकामी होतो.

ई-व्हाउचर असेल तर नोंदवलेला मोबाईल नंबर तुमचाच आहे ना ते डिलिव्हरीच्या दिवशीच तपासा. फॉर्म भरताना सेल्समनचा नंबर पडतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो, हा नेहमीचा घोळ आहे. स्क्रॅच कार्ड असेल तर पट्टी पंपावरच खरवडा, पण कार्डावर छापलेल्या नंबराचा फोटो आधीच काढून ठेवा.

पैसे वजा झाले पण मशीनने 'फेल' दाखवलं तर स्लिप घेतल्याशिवाय हलू नका. त्यावरचा व्यवहार क्रमांक, वेळ आणि पंपाचं नाव याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.

"व्हाउचर अॅक्टिव्हेट करा" अशी लिंक आली तर उघडू नका. पैसे किंवा व्हाउचर मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

धायरीकर
शोरूमला आत्ताच फोन केला. सूट करासकट आहे. व्हाउचर तेल कंपनीचं, ₹५०० चे ३० तुकडे, मुदत १२ महिने, वाहन क्रमांकाचं बंधन नाही. डिलिव्हरीनंतर ४५ दिवसांत देणार म्हणे. नाहीच दिलं तर?

बिलबुक
मग व्हाउचर घ्यायला हरकत नाही, पण "१२ महिने, हातात मिळाल्यापासून" हे शब्द फॉर्मवर हवेत. तेवढं लिहून देत नसतील तर १२,००० घ्या.

४६ व्या दिवशी शोरूमला आणि गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, बुकिंग फॉर्म आणि जाहिरातीचा फोटो जोडा. पंधरा दिवसांत उत्तर नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. तिथे फी व्हाउचरच्या रकमेवर नाही, गाडीसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते: ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांना ₹२००.

नोझल
३० तुकडे १२ महिन्यांत म्हणजे महिन्याला अडीच. स्कूटरला दोन महिन्यांत तीन, गाडीला दर महिन्याला एक. मुदतीची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची टाका.