मदत हवी आहे: टॉरमधून पान उतरतं, पण साइटचं नाव डीएनएसमधून बाहेर दिसतं

नमस्कार मंडळी,

घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या एका छोट्या गटाचे संगणक मी सांभाळतो. कायद्याची माहिती, निवारागृहांची पानं, उपचार असं बरंच काही तिथे शोधलं जातं. कोण काय वाचतंय हे भलत्या माणसाला कळलं तर एखादीच्या जिवावर बेतेल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बायका स्वतः वाचतात तेव्हा टॉर ब्राउझर वापरतात (टॉर म्हणजे आपली जोडणी तीन रिलेंमधून, म्हणजे मधल्या तीन संगणकांमधून, फिरवून आपण कोण ते लपवणारं जाळं). तिथे अडचण नाही. अडचण आहे पायथनमधल्या एका लहान प्रोग्रामची. तो दिलेल्या पत्त्यांवरची पानं उतरवून ठेवतो, नेट नसताना वाचता यावीत म्हणून. त्याच मशीनवर टॉर वेगळं चालू आहे, पोर्ट ९०५०, आणि प्रोग्रामला सॉक्स ५ प्रॉक्सी (आपल्या वतीने जोडणी करणारा मध्यस्थ) म्हणून तेच दिलंय. पान व्यवस्थित उतरतं. समोरच्या सर्व्हरला एक्झिट रिलेचाच, म्हणजे शेवटच्या रिलेचाच, आयपी दिसतो, हे तपासलंय.

पण वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं साधन) लावल्यावर दिसलं, की पान मागायच्या आधी ५३ पोर्टकडे (तो डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सेवेचा) एक यूडीपी पॅकेट सुटतं आणि त्यात साइटचं अख्खं नाव साध्या अक्षरांत वाचता येतं. राउटर ज्याच्या ताब्यात आहे त्याला एवढं पुरेसं आहे. पुढे तीन रिलेंमधून कितीही गुंडाळून पान आणलं तरी काय वाचलं ते कळलंच की!

हे पॅकेट नेमकं कोण पाठवतंय? टॉर की प्रोग्राम? ते कायमचं कसं थांबवायचं? आणि दोन बायकांसाठी लागोपाठ पानं उतरवली तर ती एकाच सर्किटवरून (रिलेंच्या एकाच साखळीवरून) जातात का, हेही कळलं तर बरं.

प्रतिसाद १

मशीनवर डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस (नावाची चौकशी कूटबद्ध करून पाठवणं) चालू करा. राउटरवाल्याला नाव दिसणार नाही.

प्रतिसाद २

वरच्या उपायाने राउटरवाल्याचे डोळे झाकतील, हे खरं. पण तुमचा खरा आयपी आणि साइटचं नाव, दोन्ही एकत्र त्या डीएनएस सेवेच्या हातात जातील. टॉरमध्ये पहिल्या रिलेला तुम्ही कोण ते कळतं, शेवटच्याला तुम्ही कुठे चाललात ते कळतं, आणि दोन्ही गोष्टी एका जागी कुणालाच कळत नाहीत. सगळी मेहनत त्यासाठीच असते. ती इथे वाया जाईल, म्हणून मी हा उपाय सुचवणार नाही.

पॅकेट तुमचा प्रोग्रामच पाठवतोय. सॉक्स ५ हा १९९६ चा प्रोटोकॉल (आरएफसी १९२८) आणि त्यात प्रॉक्सीला पत्ता दोन तऱ्हांनी सांगता येतो: आकडी आयपी देऊन किंवा नाव जसंच्या तसं देऊन. प्रोग्राम आधी स्वतः नावाचा आयपी शोधतो आणि मग तो आयपी टॉरला देतो. शोधण्याचं काम टॉरच्या बाहेर, ऑपरेटिंग सिस्टिमच्या नेहमीच्या वाटेने होतं.

खात्री करायची असेल तर वायरशार्क लूपबॅकवर (मशीनच्या आतल्या आत होणाऱ्या जोडण्यांवर) लावा आणि ९०५० कडे जाणारी कनेक्टची विनंती उघडा. पहिले तीन बाइट ०५, ०१, ०० असतील. चौथा बघा. ०१ असेल तर पुढे आयपीव्ही४ पत्ता, ०४ असेल तर आयपीव्ही६. ०३ असेल तर पुढे नावाची लांबी आणि मग नाव. तुम्हाला ०३ हवाय.

तुम्ही पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरत असाल तर प्रॉक्सीच्या पत्त्यात 'सॉक्स५' नंतर 'एच' हे एक अक्षर जोडा. मग नाव शोधायचं काम एक्झिट रिले करतो. कर्ल या कमांडमध्येही हेच चालतं. शिवाय टॉरच्या सेटिंग फाइलमध्ये 'सेफसॉक्स १' लिहा. मग नावाऐवजी आयपी घेऊन येणारी विनंती टॉर नाकारतं. उद्या कुणी प्रोग्राम बदलला तर गुपचूप गळती होण्याऐवजी पान उतरणारच नाही. तुमच्या कामात हेच हवं, असं मला मनापासून वाटतं.

सर्किटचं: वापरात आलेल्या सर्किटवर टॉर साधारण १० मिनिटं नव्या जोडण्या बसवत राहतं, त्यामुळे लागोपाठची पानं एकत्र जाऊ शकतात. प्रत्येकीसाठी सॉक्सचं वेगळं यूजरनेम आणि पासवर्ड द्या, काहीही चालेल. ते वेगळं दिसलं की टॉर सर्किट वेगळं ठेवतं. यासाठी सेटिंग बदलावी लागत नाही.

एक राहिलं. पान साध्या, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपीवर असेल तर एक्झिट रिलेला मजकूरही वाचता येतो. एचटीटीपीएस नसलेले पत्ते प्रोग्रामला घेऊच देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता

फार फार आभार. 'एच' जोडलं, चौथा बाइट ०१ चा ०३ झाला आणि ५३ पोर्टकडचं पॅकेट बंद झालं. सेफसॉक्स लावून मुद्दाम 'एच' काढून पाहिलं तर टॉरने विनंती फेटाळली आणि लॉगमध्ये इशारा आला. यूजरनेम दर वेळी नव्याने बनवून देतोय.

एचटीटीपीएसबद्दल विचारतो: पत्ता एचटीटीपीएसचा, पण सर्व्हरने मध्येच साध्या एचटीटीपीवर पाठवलं तर?

प्रतिसाद २

रिक्वेस्ट्स आपणहून त्या नव्या पत्त्यावर जाते. रीडायरेक्ट बंद ठेवा, नवा पत्ता आधी तपासा आणि एचटीटीपीएस असेल तरच पुढची विनंती करा.