केबिनमधल्या कागदावर नेमकं काय लिहायचं? (सोसायटी ग्रुप, शुक्रवार रात्र)

सेक्रेटरी (ए-१०४) : नमस्कार मंडळी. महिला व बाल सुरक्षेचा कागद वॉचमन केबिनमध्ये लावायचा आहे. मसुदा टाकतोय, रविवारच्या मीटिंगआधी सूचना द्या.
१. घरगुती भांडणाची तक्रार आल्यास कमिटीचे दोन सदस्य दोन्ही बाजू ऐकून समेट घडवतील.
२. प्रकरण गंभीर वाटल्यास पोलिसांना कळवले जाईल.
३. संबंधित फ्लॅटला लेखी समज देण्यात येईल.

बी-१०१ : छान आहे. पण कुठल्या फ्लॅटवरून निघालं हे?

सी-३०१ : काका, कुठल्याच नाही. आणि असलं तरी इथे कुणी लिहायचं नाही. या ग्रुपवर सगळे आहेत, म्हणजे मारणारा कुणी असेल तर तोही आहे. बाईचा फोन बहुतेक वेळा तोच चाळतो. म्हणून आज फक्त कागदाबद्दल बोलू या. नावं, मजला, 'काल रात्री आवाज येत होते' वगैरे काहीही नको.

सी-३०१ : साहेब, मसुद्यातला पहिला मुद्दा काढा. सासू-सून, पाणी, पार्किंग यात समेट ठीक आहे. मारहाणीत समोरासमोर बसवलं की ती बाई त्याच्यादेखत खरं बोलत नाही, आणि बोललीच तर दार बंद झाल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. तिसरा मुद्दा त्याहून वाईट. लेखी समज गेली की पहिला प्रश्न 'बाहेर कुणाला सांगितलंस?' हाच येतो.

सेक्रेटरी (ए-१०४) : मग कमिटीने करायचं काय? काहीच नाही?

सी-३०१ : करायचं भरपूर आहे. तो आवाज थांबेल असं काहीतरी, तिला फोन करायला एक सुरक्षित जागा, झाल्या गोष्टीची नोंद, आणि तोंडावर कुलूप. समुपदेशन वगैरे करायला शिकलेली माणसं वेगळी आहेत. महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केला. आज राज्यात बऱ्याच ठिकाणी पोलिसांच्या आवारातच हे कक्ष आहेत. तिथे वर्दीवाले नाही, समाजकार्यकर्त्या बसतात. पोलिसांत केस न करताही तिथे जाता येतं.

बी-१०१ : पण नवरा-बायकोच्या भांडणात बाहेरच्यांनी पडू नये असं माझं मत. उद्या तक्रार खोटी निघाली तर निस्तरणार कोण?

बी-५०२ : काका, खरं-खोटं ठरवायचं काम आपल्याकडे नाहीच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ४ बघा. हिंसा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटायला कारण असेल, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेला अधिकारी) कळवू शकतं. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. आणि ११२ ला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, फोन म्हणजे केस नव्हे. शेजारी आग लागली तर वायरिंग कुणाचं सदोष हे तपासून आपण बंब बोलावतो का?

बी-१०१ : 🙏 बरं.

सी-३०१ : आवाज चालू असताना काय करायचं ते आधी ठरवू. शस्त्र, रॉकेल-गॅसची भाषा, मूल ओरडतंय, किंवा आरडाओरडा होऊन एकदम शांत झालं, तर आधी ११२. दार वाजवायला जायचं नाही.
एवढं नसेल तर बेल वाजवायची. एकट्याने नाही, दोघांनी. कारण अगदी फालतू असावं : 'तुमच्याकडे पाणी येतंय का?', 'आमचं कुरियर चुकून आलंय का?' उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. 'सगळं ठीक आहे ना वहिनी?' असं त्याच्यासमोर विचारायचं नाही. तेवढ्याने हात थांबतो, एवढाच उद्देश. २००८ मध्ये बेल वाजवायची मोठी जाहिरात मोहीम झाली होती, तिचं सूत्र हेच होतं.

सी-६०४ : ११२ ला नेमकं काय सांगायचं? वॉचमन गडबडतो.

सी-३०१ : पूर्ण पत्ता, कुठल्या गेटने यायचं, विंग-मजला-फ्लॅट, लहान मुलं आहेत का, हत्यार दिसलं का, आणि 'माझं नाव त्यांच्यासमोर घेऊ नका'. हे केबिनमध्ये लिहूनच ठेवा.
बिघडतं ते पुढे. पोलीस गेटवर येतात, 'फोन कुणी केला?' विचारतात आणि आपला वॉचमन बोट दाखवतो, 'वो ऊपर वाली मॅडम ने'. झालं. किंवा इंटरकॉमवरून त्याच फ्लॅटला 'पुलिस आई है, भेजूँ क्या?' दोन्ही गोष्टी कागदावर ठळक अक्षरात 'करू नये' म्हणून लिहा. वॉचमनने फक्त लिफ्टपर्यंत वाट दाखवायची आणि रजिस्टरमध्ये येण्या-जाण्याची वेळ टाकायची.

ए-३०३ : आणि पोलिसांसमोर ती 'काही नाही, टीव्हीचा आवाज होता' म्हणाली तर? असं होतंच की.

सी-३०१ : बहुतेकदा तसंच होतं, कारण विचारतात त्याच्यासमोर. वेगळं विचारा, महिला कर्मचारी असतील तर बरं, एवढी विनंती गेटवरच करता येते. ती नाही म्हणाली तरी फोन वाया गेला नाही. त्या तारखेची नोंद राहते, आणि त्याला कळतं की भिंतीला कान आहेत.

सेक्रेटरी (ए-१०४) : नंबर कुठले घालू? लिफ्टमध्ये वेगळं पोस्टर लावू का, लाल अक्षरात?

डी-२०३ : लाल पोस्टर नको हो. नवऱ्याशेजारी उभी राहून ती ते वाचणार कशी, फोटो तर सोडाच. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, महानगर गॅस, लिफ्टवाला अशी आपली यादी आहेच ना नोटीस बोर्डावर? त्यातच मधे घाला. ११२, १८१ महिला, १०९८ मुलांसाठी, १४५६७ ज्येष्ठांसाठी, १५१०० मोफत वकिलासाठी. घरकामाच्या बायकांच्या जिन्यापाशीही तीच यादी, हिंदी-मराठीत. आधी त्यांनाच कळतं सगळं, आणि त्यांच्या स्वतःच्या घरीही लागतं.

बी-५०२ : १५१०० बद्दल एक भर. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. 'आपण फ्लॅटवाले, आपल्याला कुठे फुकट वकील' म्हणून कित्येक जणी विचारतच नाहीत.

सी-३०१ : रात्री बाहेर पडावं लागलं तर १८१ वरून 'सखी' वन स्टॉप सेंटरची माहिती मिळते. तात्पुरता निवारा साधारण ५ दिवसांपर्यंत. डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन एकाच छताखाली. पुढे जास्त दिवस लागले तर शक्ती सदन, म्हणजे सरकारी योजनेतलं निवारागृह.

ए-७०२ डॉक्टर : माझ्याकडून दोन-तीन गोष्टी.
गळा दाबला असेल तर खूण नसली तरी त्याच दिवशी हॉस्पिटल. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, कपड्यात लघवी होणं, यातलं काहीही असेल तर थांबू नये. सूज नंतर वाढते, पहिल्या काही तासांत बाई ठीक दिसते आणि एक-दोन दिवसांत बिघडू शकते. गळा दाबणारा माणूस पुढे जिवावर उठण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. ही 'किरकोळ' मारहाण समजू नका.
केसपेपरवर 'बाथरूममध्ये पडले' लिहिलं की पुढे तेच आडवं येतं. कुणी, कशाने मारलं ते डॉक्टरांना सांगावं, एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) करायला सांगावं. एमएलसी झाली म्हणजे आपोआप खटला उभा राहतो असं नाही.

ए-७०२ डॉक्टर : फोटो काढायचे तर तीन : चेहरा दिसेल असा, लांबून, आणि जवळून शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत काढा, वळ तेव्हा गडद दिसतो.
मुंबई महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये 'दिलासा' विभाग आहे. २००० साली वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये सुरू झाला, आता इतर उपनगरी हॉस्पिटलांतही आहे. बाईला 'डॉक्टरकडे जाऊन येते' एवढं सांगून घराबाहेर पडता येतं, हा त्यातला मोठा फायदा.

सी-६०४ : फोटो फोनमध्ये ठेवायचे नाहीत हे पण लिहा. बऱ्याच घरात गुगल फोटोज एकाच अकाउंटवर असतं, काढलेला फोटो दिवाणखान्यातल्या टीव्हीवर सरकतो. व्हॉट्सॅपचे लिंक्ड डिव्हाइसेस, गुगल मॅपचं लोकेशन शेअरिंग, मुलाच्या टॅबवरचं फॅमिली लिंक (पालकांचं देखरेखीचं ॲप), हे तिने दुसऱ्या कुणासोबत बसून आधी नुसतं बघावं. लगेच बंद करायचं नाही. एकदम बंद झालं की त्याला संशय येतो.

बी-५०२ : कागदपत्रांचंही तेच. आधार, पॅन, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, लसीकरण कार्ड, पासबुक, घराचा करार किंवा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), औषधांची चिठ्ठी, दागिन्यांची यादी. मूळ कागद एकदम गायब झाले तर घरात लक्षात येतं, म्हणून आधी झेरॉक्स बाहेर ठेवायच्या, मूळ निघायच्या दिवशी. बँकेत आणि आधारला मोबाइल नंबर कुणाचा आहे ते पाहायचं. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जात असेल तर नवं खातं उघडूनही उपयोग नाही.

ए-३०३ : आपण काही पैसे जमवून ठेवले तर चालतील ना?

बी-५०२ : सोसायटीच्या खात्यातून नको, ऑडिटला उत्तर देत बसाल. चार-पाच घरांनी आपापसात करा. रोख द्या. यूपीआयने पाठवले तर मेसेज आधी तोच वाचतो. रिक्षा-टॅक्सी, दूध, एखादं औषध एवढ्यासाठी दोन-तीन हजार पुरतात. आणि कुणाचं घर 'ती बसू शकेल' म्हणून ठरवाल ते या ग्रुपवर जाहीर करू नका.

सेक्रेटरी (ए-१०४) : एक अडचण विचारतो. उद्या एखादा मेंबर म्हणाला, फ्लॅट माझ्या वडिलांच्या नावावर आहे, बायकोला गेटमधून सोडू नका. वॉचमनने काय करायचं?

बी-५०२ : सोडायचं. त्याच कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तिला सामायिक घरात राहायचा हक्क आहे, नाव कुणाचंही असो, घर भाड्याचं असो. सासऱ्यांच्या मालकीच्या घरालाही हे लागू होऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात स्पष्ट केलंय. तिला कायदेशीर मार्गानेच बाहेर काढता येतं, सेक्रेटरीच्या तोंडी आदेशाने नाही. गेटच्या ॲपवर तिची एंट्री ब्लॉक करणं हाही तोच प्रकार.

बी-१०१ : आणि उलट? कोर्टाने नवऱ्यालाच बाहेर राहायला सांगितलं तर?

बी-५०२ : असा आदेश कलम १९ खाली होतो काका. प्रत आली की सेक्रेटरींच्या फाइलमध्ये, वॉचमनला फक्त 'आदेश आहे' एवढंच. तो गेटवर आला तर झटापट नाही, ११२ आणि रजिस्टरमध्ये वेळ. संरक्षण आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून पहिल्याच अर्जात कलम २३ चा अंतरिम आदेश मागायचा. आणि हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. मुलाकडून मार खाणारी आई, भावाकडून त्रास सोसणारी बहीण, सगळ्या त्यात येतात.

डी-२०३ : मुलांवर कुणीच बोललं नाही अजून. 'मुलं झोपलेली असतात' हे खरं नसतं. दाराआड जागी असतात. चार-पाच वर्षांचं मूल परत अंथरूण ओलं करायला लागतं, मोठं मूल पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवतं किंवा आईला एकटीला सोडायला तयार होत नाही. फार शहाणं झालेलं मूलही बघा, लहान भावंडाला खोलीत नेऊन कडी लावणारं.
करायचं इतकंच : नेहमीच्या वेळेला खेळायला बोलवा, जेवायला थांबवा, अभ्यासाला टेबल द्या. 'बाबा मारतात का रे?' असं खोदून विचारायचं नाही, आणि मोबाइलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड तर मुळीच करायचं नाही. आपण होऊन बोललं तर 'सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' एवढं पुरे. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही.

डी-२०३ : मुलाला शिकवायचं ते असं : भांडण सुरू झालं की मधे पडायचं नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही (सुऱ्या तिथेच असतात), दाराजवळच्या खोलीत जायचं, ठरलेल्या घराची बेल वाजवायची. १०९८ पाठ करून घ्यायचा. एखादा सांकेतिक शब्द ठरवा, 'भूगोलाची वही' असला काहीतरी साधा.

बी-५०२ : मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर मात्र थांबायचा प्रश्नच नाही. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, माहीत असून न कळवणं हा गुन्हा आहे. आणि मुलाची ओळख कुठेही उघड करायची नाही.

सेक्रेटरी (ए-१०४) : वडील मुलाला न्यायला आले आणि आईने वॉचमनला 'देऊ नका' सांगितलं असेल तर?

बी-५०२ : कोर्टाचा आदेश नसेल तर दोघेही पालक, वॉचमनने न्यायाधीश व्हायचं नाही. आईला लगेच फोन, जबरदस्ती दिसली तर ११२. म्हणूनच ताब्याचा तात्पुरता आदेश, कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २१, लवकर घ्यावा आणि त्याची प्रत शाळेतही द्यावी. शाळेतल्या 'कोण नेऊ शकतं' यादीकडे सगळे दुर्लक्ष करतात.

डी-२०३ : शाळा बदलावी लागली तर दाखल्यासाठी बाई अडून राहते, कारण जुन्या शाळेत वडील आडवे येतात. ६ ते १४ वयाच्या मुलाला दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात आहे. मुख्याध्यापकांना कलम ५ दाखवायचं.

सी-६०४ : सीसीटीव्हीचं बोलू का? आपल्याकडे १६ कॅमेरे आणि २ टीबीची डिस्क, बारा-तेरा दिवसांत जुनं फुटेज पुसलं जातं. तक्रारी महिन्याभराने होतात. त्यामुळे जिन्यात किंवा लिफ्टमध्ये काही घडलं आणि तिने किंवा पोलिसांनी सांगितलं तर त्याच आठवड्यात उतरवून घ्यायचं. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ नको, डीव्हीआरमधून (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) मूळ फाइल पेन ड्राइव्हवर, तिची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहून. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात ती भरावी लागते. क्लिप या ग्रुपवर आली तर टाकणाऱ्याला मी स्वतः काढणार, ॲडमिन आहे मी.

बी-५०२ : 👍 आणि डीव्हीआरचं घड्याळ? समोरचा वकील पहिलं तेच धरतो.

सी-६०४ : आत्ता ॲपवर बघितलं. ११ मिनिटं पुढे आहे.

सेक्रेटरी (ए-१०४) : उद्या दहा वाजता केबिनमध्ये या, दोघे मिळून लावू. आत्ताचा फरक किती होता तोही रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो, आधीच्या फुटेजला लागेल. मसुद्यातले तिन्ही मुद्दे काढले. नवा कागद रविवारी छापील आणतो, ग्रुपवर टाकत नाही.