राष्ट्रीय उद्यान, आरे, खाडीकाठ: परकी वनस्पतींच्या तुलनेसाठी चौकटी केवढ्या घ्याव्यात?

रानजाई:
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं पानझडी जंगल, आरेतलं गवताळ माळरान, रस्त्याकडेची पडीक जमीन आणि ठाणे खाडीचं कांदळवन, अशा चार अधिवासांत परकी वनस्पतींचं प्रमाण ताडून पाहायचं आहे. एम.एस्सी.चा प्रकल्प, माणसं दोन, पावसाळा एक. नमुन्यासाठी आखायच्या चौकटी जंगलात १० × १० मीटर आणि गवतात १ × १ मीटर चालतील का? नोंद नुसती आहे-नाही अशी पुरेल?

पाणकणीस:
नाही चालणार. चौकट वाढली की प्रजाती वाढतात, पण देशी आणि परकी सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. मग दिसलेला फरक अधिवासाचा की चौकटीचा, हे सांगता येत नाही. चारही ठिकाणी १० × १० ची बाहेरची चौकट, तिच्यात झुडपांसाठी ५ × ५ आणि चार कोपरे व मध्य धरून १ × १ च्या पाच. आखताना कर्ण १४.१४ मीटर भरला पाहिजे. उतारावर टेप आडवा धरा. जमिनीलगत धरला तर क्षेत्रफळ कमी भरतं.

आच्छादन, म्हणजे प्रजातीनं चौकटीची किती टक्के जमीन झाकली ते, घ्याच. घाणेरीचं एकच जाळं पाऊण चौकट झाकतं, पण आहे-नाहीच्या यादीत ते ओसाडीच्या एका रोपाएवढंच. ब्राऊन-ब्लांके पट्टी पुरते: ५ टक्क्यांखाली, ५–२५, २५–५०, ५०–७५, ७५ च्या वर. सुरुवातीच्या काही चौकटींचा अंदाज दोघांनी वेगवेगळा लिहून जुळवून बघा.

खारफुटी:
रस्त्याकडेला परकी जास्त, हे घरी बसूनही सांगता येतं. त्यावरून 'हा अधिवास आक्रमणाला बळी पडतो' असं लिहिलंत तर परीक्षक तिथेच धरतील. किती शिरल्या आणि किती शिरू शकतील हे दोन निराळे प्रश्न आहेत. मधे बियांचा मारा, म्हणजे आसपासून किती बी येऊन पडतं ते, येतो. म्हणून प्रत्येक चौकटीला रस्ता, वस्ती, बाग किती दूर, वरचं छत किती टक्के उघडं, चराई, आग आणि भरावाच्या खुणा हे लिहा. कांदळवनात आत खारेपणा आणि भरतीमुळे परकी प्रजाती जेमतेम सापडतील. काठावरचा भराव त्यात मिसळू नका, तो स्वतंत्र अधिवास.

वेळ: ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. जूनमध्ये रोपं ओळखू येत नाहीत, डिसेंबरात तेरडा आणि गवतं वाळलेली. रानमोडी ऑक्टोबरपर्यंत फुललेली नसते. पानावरच्या तीन ठळक शिरा आणि चुरगळल्यावर येणारा उग्र वास यांवरून धरा.

रानजाई:
चौकट नेमकी कारवीच्या गचपणात पडली तर सरकवू का?

पाणकणीस:
अजिबात नाही, सोपी जागा निवडणं म्हणजे निकाल बिघडवणं. उद्यानात कारवी २०१६ आणि २०२४ ला फुलली. फुलून बी धरलं की झुडूप मरतं आणि खाली ऊन पोचतं. मेलेल्या काड्या दिसल्या तर तसं नोंदवा.

सुबाभूळ_नको:
लावलेलं झाड आणि आपोआप रुजलेलं रोप वेगळं मोजा. ओळीतली गिरिपुष्पाची झाडं हे आक्रमण नव्हे, सुबाभळीखाली उगवलेली पिल्लावळ मात्र आहे. चिंच मूळची आफ्रिकेतली, पण शतकानुशतकं इथलीच झालेली; तिला वेगळा रकाना द्या. एकाच झाडीत तीस चौकटी दाटीनं घेतल्या तर त्या तीस स्वतंत्र नोंदी होत नाहीत. ठिकाणं वाढवा आणि विश्लेषणात ठिकाण हा यादृच्छिक घटक (random effect) धरा, म्हणजे एका ठिकाणच्या चौकटींमधलं साम्य हिशेबात येतं. शंकास्पद नमुने दाबून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) नमुन्यांशी ताडा. उद्यानात कामासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते, अर्ज उन्हाळ्यातच टाका.